सोमवारी मी येणार न्हाई

"भूकंप!" असं ओरडून सरांनी टेबलावर दोन्ही मुठी आपटल्या. मला कळलं तेव्हा मी जिना उतरून रस्त्यावर उभी होते. अनवाणी. वर लातूरचा तो सगळा क्लास हसत होता.

आमच्या क्लासात मार्कांप्रमाणे बाक मिळायचे. माझे मार्क पहिल्या बाकाचे. पण मी ढ पोरांच्या शेवटच्या बाकावर बसायचे, दाराशी. सरांना ते खुपलं. "भीती अशीच मोडत असती," म्हणाले. मग हा इलाज रोजचाच झाला. आज पळायचं नाही, असं मी रोज ठरवायचे. पाय ऐकायचे नाहीत. फार लाज वाटायची.

आमच्या गावाकडं झालेल्या खऱ्या भूकंपात आई आणि धाकटा भाऊ दगडमातीखाली गेले. मी त्यांच्याशेजारीच झोपले होते. मला ओढून काढलं. पुढं सरकारनं पक्कं घर दिलं. आम्ही त्यात कडबा भरला आणि स्वतः बाहेर पत्र्याखाली झोपलो. सगळी वस्तीच तशी झोपायची. तिथं मला कुणी भित्री म्हणालं नाही.

बाबांना सांगितलं, तर ते येऊन सरांपुढं हात जोडून उभे राहिले. "लेकराला डाक्टर करा सायेब. तुमी काय बी करा, आमी काय म्हणत न्हाई." मला त्यांचा राग आला. कीवही आली.

शेवटी मैत्रिणीनं सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे वेड न्हाई बाळा. तुझं अंग अजून पहारा देऊन राहिलंय. त्याला हळूहळू थांबायला शिकवू. पण कुणी मुद्दाम दचकवलं तर दुखणं वाढंल." तळपाय जमिनीला टेकवून श्वास लांब सोडायचा. दर सोमवारी दाखवायला जायचं.

सरांना कळलं. "वेड्याच्या डॉक्टरकडं जातीस? क्लासचं नाव घालवशील. बंद कर ते, न्हाईतर घरी जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुठी उचलल्या. मी उभी राहिले. "सर, वाजवू नका."

त्यांनी वाजवलं. मी पळाले. खाली भिंतीला धरून रडले. श्वास लांब सोडत राहिले. मग जिना चढून परत गेले. पोरं अजून हसत होती. मी दारातूनच बोलले, "सर, सोमवारी मी येणार न्हाई. वेड्याच्या डॉक्टरकडं जाणार हाय. दर सोमवारी जाणार. अन् मंगळवारी हितंच येऊन बसणार."

"आणि मी काढून टाकलं तर?"

"मग कारण फळ्यावर लिहा, सर. समद्यांना वाचू द्या."