न रंगवलेली भिंत

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला अख्खी गल्ली टाचणीताई म्हणायची. तोंडात कायम चार टाचण्या, म्हणून बोलणं 'हूं' आणि 'उंहूं' एवढंच. पण एकदा का तिने टाचण्या काढून मनगटावरच्या छोट्या गादीत खोचल्या, की समजावं, आता कुणाची तरी खैर नाही!

सासर दोन गल्ल्या पलीकडे, पण तिचं मशीन माहेरी, रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीपाशी. काळ्या कापडावर काळा दोरा चालवायचा तर उजेड तिथेच. बाप मृत्युपत्र न करता गेला आणि थोरल्या भावाने, म्हणजे माडीवर राहणाऱ्या रंगारी दादाने, घर विकायला काढलं.

"तू लग्न होऊन गेलीस, तुझा काय संबंध? मशीन हलव."

ताई ना हूं म्हणाली, ना उंहूं. त्या दिवसापासून अबोला.

मग कोटाचं अस्तर बदलायला वकीलबाई आल्या. ताईने टाचण्या काढल्या. "बाई, लग्न झालेल्या मुलीचा हिस्सा असतो का हो?"

"असतो की! भावाइतकाच. वाटणी होईपर्यंत तुमच्या खिडकीत त्याचा वाटा, त्याच्या माडीत तुमचा. स्वतःचा हिस्सा त्याने खुशाल विकावा, पण तुमच्या सहीशिवाय सगळं घर विकता येणार नाही, की तुम्हाला बाहेर काढता येणार नाही. कोट उद्या मिळेल ना?"

ताईचा जीव भांड्यात पडला. पण भावाला कोर्टात उभं करायचं? खांद्यावर बसवून शाळेत नेणारा तो! तिने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

इकडे दादाने गिऱ्हाइकासाठी घर बाहेरून रंगवायला घेतलं. पिवळंधमक! आणि गडी तिथेच फसला. त्याची उभ्या जन्माची सवय, मालकाला विचारल्याशिवाय भिंतीला ब्रश लावायचा नाही. ताईच्या खोलीपाशी हात थबकला. विचारावं तर अबोला. पठ्ठ्या तेवढी भिंत सोडून पुढे सरकला!

गिऱ्हाईक आलं. नव्या सदऱ्याला जुनं ठिगळ दिसावं, तशी ती भिंत.

"ही का सोडली?"

"ती बहिणीची. तिला अजून विचारलं नाही..." दादा बोलून गेला आणि जीभ चावली.

"बहिणीची? मग आधी तिची सही आणा!" गिऱ्हाईक आल्या पावली परत.

ताई टाचण्या हातात घेऊन बाहेर आली. दादाने मान खाली घातली.

"दादा, रीतसर वाटणी करू. माडी तुझी, ही खोली माझी, बाकीचं बसून ठरवू. तुझ्या वाट्याचं तू खुशाल वीक. खिडकी मी सोडणार नाही."

"वकीलबाईंनी पढवलंय वाटतं?"

"कायदा त्यांनी सांगितला. हिस्सा तर तूच दाखवलास, भिंतभर!"

दादाने त्या भिंतीकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. ब्रश उचलत म्हणाला, "बोला मालकीणबाई, रंग कोणता देऊ?"

"पांढरा. आतूनही दे, उजेड जास्त पडतो," ताई म्हणाली, आणि टाचण्या तोंडात धरून मशीनवर बसली.