आकाराम गुळव्याच्या नावाची बिअर

कोडोलीच्या आकाराम गुळव्याला हसताना कुणी पाहिलंच नव्हतं असं नाही. स्वतःच्या लग्नात फोटोवाल्यानं हसायला लावलं तेव्हा तो हसला होता, आणि फोटो निघाल्यावर त्याच फोटोवाल्याशी भांडला होता. राग करण्यात त्याचा हात बसलेला. एकदा बैलानं पाण्याला तोंड लावलं नाही म्हणून त्यानं बैलाशी अबोला धरला. शेवटी बैलालाच माघार घ्यावी लागली, असं गावात अजून सांगतात.

पण गुऱ्हाळावर त्या रागाला मान होता. काहिलीखालच्या जाळापुढं तो उभा राहिला की कुणाची गप्पा हाणायची छाती नव्हती. त्याचा एक नियम होता. वाफ्यात ओतलेला गूळ निवेपर्यंत त्याला कुणी चांगला म्हणायचं नाही. गरम गूळ कुणालाही गोड लागतो, खरा गुण कळतो तो निवल्यावर. लेकीचे सासरे एकदा गुऱ्हाळ बघायला आले, गरम गुळात बोट बुडवून "वा, वा" म्हणाले, तर आकारामनं व्याह्यांना बाहेर बांधावर नेऊन बसवलं. गुऱ्हाळावरनं कुणाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, म्हणून जाताना काकवीची कळशी मात्र भरून दिली. ती देतानाही तोंड वाकडंच.

असल्या माणसाचं नाव बाजारात चालायचं. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून बघण्याआधी लोक विचारायचे, कुणाचा? आकारामचा म्हटलं की फोडायची गरज नसे.

तर यंदाच्या थंडीत तो दाढीला बसलेला असताना न्हाव्यानं मोबाईल पुढं धरला. चित्रात एक मिशीवाला, मागं काहील, आणि वर ठळक अक्षरांत: 'आकाराम, थंडीची खास बिअर'.

"आता तुला बाटलीत भरून पित्यात म्हणं," न्हावी म्हणाला.

आकाराम अर्धी दाढी तशीच ठेवून उठला. हे काम कुणाचं, ते विचारायची गरज नव्हती. बहिणीचा राजवर्धन कोल्हापूरच्या बाहेर बिअर करायचा. हंगामाच्या पहिल्या काहिलीचा गूळ "कामाला पायजे" म्हणून घेऊन गेला होता. काम कसलं, ते आता कळलं. अमावस्येला गुऱ्हाळ बंद असतं. त्या दिवशी आकारामनं धोतर झटकलं आणि एसटी धरली. नाव पुसून घ्यायचं, दुसरी गोष्ट नाही.

राजवर्धनकडं नेमकी त्याच दुपारी पहिली चव चालली होती. दुसऱ्या दिवशी बाटल्या भरायच्या होत्या, नावाच्या चिठ्ठ्यांची गुंडाळी टेबलावर तयार. चार मित्र जमलेले, त्यात मंगळवार पेठेतला गुंडू पुढं. गुंडूला जगात वाईट काही लागतच नाही. एका मयताच्या घरी दिलेला कोरा चहा "लय भारी" म्हणून यानं पुन्हा मागून घेतला होता. पाहुण्यांसाठी बिअर सकाळपासून बर्फात पुरून ठेवायचं पुण्यही त्याचंच.

"मामा, या की," राजवर्धन दचकून उठला. "आधी चव घ्या, मग शिव्या द्या."

"शिव्या चवीवर न्हाईत. नाव काढ."

"पावणं, घ्या तर," गुंडूनं ग्लास हातात कोंबला. "लय भारी झालीया."

आकारामनं एक घोट घेतला. दात ठणकले. बाकी जिभेवर काहीच आलं नाही.

"ह्यात गूळ कुठं हाय?"

राजवर्धनचा चेहरा पडला. टाकीतनं चाखली तेव्हा स्वाद होता. आज त्यालाही तो सापडत नव्हता, पण सगळे भारी म्हणत होते म्हणून तोही मान डोलवत होता. "मामा, गुळातली साखर यीस्ट खातं. गोडी ऱ्हात न्हाय, नुसता स्वाद ऱ्हातो."

"म्हंजे माझा गूळ त्यानं खाल्ला आणि नाव माझं लावलंस?"

इथनं जे सुरू झालं ते थांबेना. ग्लास मुठीत आवळून, दारातल्या उन्हात उभा राहून आकारामनं भाच्याचा उद्धार मांडला. बारशाला भोकाड पसरून पाळणा ऐकू दिला नाही, तिथंपासून. मग बहिणीच्या लग्नातला मिळमिळीत वाजणारा बँड आला. मग गुंडू आला. "तू भारी म्हणायचं काय घेतोस रं? चाखायच्या आधीच म्हणतोस ते?"

बोलून बोलून घसा सुकला. नकळत त्यानं हातातला ग्लास तोंडाला लावला, आणि मधेच थांबला. काहिलीच्या कडेला लागलेली खरवड उलथन्यानं काढताना जो वास सुटतो, तोच नाकात शिरला. मागून जिभेवर जरा भाजकं, जरा कडू. त्यानं आणखी एक घोट घेतला. मामाला काही झालं की काय म्हणून सगळे बघत राहिले.

"आवडली न्हवं?" गुंडू म्हणाला. "लय भा..."

"गप." आकारामनं दुसऱ्यांच्या ग्लासांना हात लावून बघितला. गारढोण. "बर्फात कुणी पुरली ही? मढं हाय व्हय?"

राजवर्धननं मामाच्या मुठीत तापलेला ग्लास घेऊन चाखला आणि डोळे मिटले. "टाकीत अशीच हुती की."

आकाराम आणखीच तापला. चारचौघांत नाव काढ म्हणून बसला होता, आणि बोललेलं मागं घेणं त्याच्या खानदानात नव्हतं. राजवर्धननं मुकाट्यानं चिठ्ठ्यांची गुंडाळी उचलली. "तुम्ही म्हणतासा तर काढतो नाव."

"काढतो म्हंजे? मग कुणाचं लावतोस? ह्या गुंडूचं?"

कुणी हसलं नाही. हसायची सोय नव्हती.

"इचारायचं तरी हुतंस."

"तुम्ही न्हाय म्हटला असता, मामा."

"व्हय, न्हायच म्हटलो असतो. तरी इचारायचं." त्यानं उरलेला ग्लास संपवला. "नावाखाली लिव. बर्फात घालून पिणाऱ्यानं आकारामचं नाव घिऊ नये."

ती ओळ बाटलीवर छापून आली. कोडोलीच्या न्हाव्यानंही एक बाटली आणली आणि फ्रीजमध्ये ठेवली. ते कळल्यापासून आकाराम दाढी करायला वारणेच्या पलीकडे जातो.