राठोड मॅडमचं भेव

राठोड मॅडम कुठल्याही वर्गात गेल्या, की खडू हातात घेण्याआधी म्हणायच्या, "पोरंहो, मले भेव लागून राह्यलं. तुमाले?"

वर्ग आधी हसायचा. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, मले बापाचं लागते. कोणी म्हणायचं, मले मोहल्ल्यातून जायाचं लागते. आणि मोहल्ल्यातलीच एखादी पोरगी मान खाली घालून सांगायची, मले तुमच्या मिरवणुकीचं लागते. झालं, तास सुरू.

हा त्यांचा शांततेचा धडा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाल्यावर दिग्रसच्या आसपासच्या शाळांत आणि तांड्यांवर त्या तो शिकवत हिंडायच्या, एसटीनं, पिशवी पोटाशी धरून. जवळच्याच एका बंजारा तांड्यात जन्मलेल्या. तिथले लोक त्यांना 'याडी' म्हणत, म्हणजे आई.

आणि भेव खोटं नव्हतं. त्यांना कुत्र्यांचं भेव, ओव्हरटेक करणाऱ्या ड्रायव्हरचं भेव, गर्दीचं तर विचारूच नका.  तरी मिरवणुकीच्या दिवशी दुपारी चौकात हजर.

मला हे सगळं मिळमिळीत वाटायचं, लपवत नाही. मी संघटनेत वाढले. मी पत्रकं लिहिते. 'जाहीर निषेध', 'जवाब दो', दोन उद्गारचिन्हांशिवाय माझं वाक्य संपत नसे. मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं, "मॅडम, दंगल करणारे घाबरत नाहीत. ते घाबरवतात."

"वैशू, ज्याच्या हातात गोटा असते ना, त्याच्या पोटात आधी भेव असते. ते सांगता येत नाई म्हणून तो गोटा उचलते."

त्यांची दुसरी खोड म्हणजे उभी रेघ. फळ्याच्या मधोमध ओढायची. एकीकडे 'पाह्यलं', दुसरीकडे 'आयकलं'. पोरांनी आठवड्यात कानावर आलेली प्रत्येक गोष्ट सांगायची आणि ती कुठे बसते ते ठरवायचं. 'पाह्यलं'ची बाजू बहुतेक रिकामीच राहायची. ही खोड वर्गापुरती नव्हती. एकदा सरपंच चहा पिता पिता कोणाबद्दल तरी तावातावानं बोलत होते. मॅडमनी बशी खाली ठेवली आणि टेबलावर बोटानं रेघ ओढली. "भाऊ, कोन्या बाजूले लिहू?" सरपंचांनी उरलेला चहा संपवला.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांच्याच तांड्यातली पूजा, बारावी झालेली पोरगी, सकाळी घरी भांडून निघून गेली. फोन बंद. दहा वाजेपर्यंत मोबाइलवर मजकूर फिरायला लागला: पोरीला एका ऑटोवाल्यानं पळवलं. हा ऑटोवाला म्हणजे दिग्रसच्या बसस्टँडसमोरच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंचा पुतण्या, इमरान, हे मला स्टँडवर कळलं. त्यानं पूजाला सकाळी स्टँडवर सोडलं होतं, इतकंच. मी गॅरेजवर गेले. इमरानचे ओठ पांढरे पडले होते. "दीदी, वो बोली मौसी के पास पुसद जाती. मैंने स्टँड पे छोड दिया, बस."

माझं डोकं फिरलं. तासाभरात पत्रक तयार. 'इमरानने पूजाला पळवल्याची अफवा धादांत खोटी आहे!! बसस्टँडसमोरील सलीमभाईंच्या गॅरेजला बदनाम करणाऱ्यांचा जाहीर निषेध!!' ठळक अक्षरांत. झेरॉक्स काढून बाजारात वाटलं आणि सगळ्या ग्रुपवर टाकलं.

मॅडमचा फोन आला. "पोरी, हे काय केलं तुनं?"

"खोटं उघडं पाडलं."

"लोकाईले निरा ऑटोवाला एवढंच मालूम होतं. तुनं नाव सांगतलं. दुकानाचा पत्ता बी देल्ला." मग श्वास घेऊन त्यांनी विचारलं, "अन् पोट्टी पुसदले हाय, हे तू पाह्यलं का आयकलं?"

मी फोन ठेवून गॅरेजकडे निघाले.

तीन वाजता गॅरेजसमोर तांड्यातली आणि गावातली माणसं जमली होती. आरडाओरडा नव्हता, त्याचीच धास्ती वाटत होती. सलीमभाईंनी शटर अर्धं ओढलं होतं आणि इमरान आत होता. पोलिसांना फोन केला, तर गाडी बंदोबस्ताला बाहेरगावी गेलेली.

मॅडम आल्या.  त्या गर्दीतून थेट शटरपर्यंत गेल्या आणि दारातल्या जुन्या टायरवर बसल्या. मग तांड्याच्या नायकाला म्हणाल्या, "नायक, नसाब बसव."

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. ती बसली की सगळ्यांनी खाली बसायचं, एकानं बोलायचं, निकाल लागेपर्यंत कोणी उठायचं नाही. पण ती तांड्यात बसते, भर रस्त्यावर नाही. आणि बाईच्या सांगण्यावरून तर नाहीच.

नायक म्हणाला, "याडी, बाई मानसानं नसाब बोलवायची रीत नाई."

"तर तू बोलव ना बावा. माहे पाय कापून राह्यले, मी तर बसली."

कोणीतरी फिस्सकन हसलं. नायकानं तिकडे डोळे वटारले, धोतर सावरलं आणि ऑइलनं काळ्या झालेल्या जमिनीवर बसला. मग एकेक करून सगळे बसले. मागची काही पोरं उभीच राहिली.

मॅडमनी पूजाच्या बापाला विचारलं, "इमराननं नेली, हे तुले कोनं सांगतलं?"

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. माझं पत्रक. "याच्यात नाव हाय ना."

"वैशू, उठ. सांग."

मी उठले.  हे मी लिहिलं, म्हटलं. पोरगी पुसदला आहे असं इमरान म्हणाला, मी पाहिलेलं नाही.

मागून आवाज आला, "हिलेच पयले धरा!"

"धरजो," मॅडम म्हणाल्या. "पन पुसदची गाडी येऊ दे."

पुसदला त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. पूजाला गाडीत बसवून दे म्हणून त्याला त्यांनी मावशीच्या घरी पाठवलं होतं. त्याचा फोन आला. मॅडमनी ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "घराले कुलूप हाय म्हन्ते."

गर्दीतून एक हुंकार आला, जनावराच्या गळ्यातून यावा तसा. मी त्यांच्या कानाशी लागले, "कशाला सांगितलंत?"

"मंग का लपवू? उद्या माह्यावर कोन इसवास ठेवंल?"

साडेचारची पुसद गाडी आली. बसल्याजागी सगळ्यांच्या माना गाडीच्या दाराकडे वळल्या. कापसाच्या दलालीतला एक शेठ उतरला, दोन म्हाताऱ्या, एक कंपाउंडर. पूजा नाही. शटरच्या आतून भांडं पडल्याचा आवाज झाला. चार-पाच जण उठलेच. सलीमभाई दोन्ही हात जोडून मॅडमच्या मागे उभे होते. नायक ओरडला, "बसा! नसाब उठली नाई!" ते बसले, पण हातात आता काहीतरी घेऊन बसले. एकाच्या मुठीत पाना होता, गॅरेजचाच.

दुसरी गाडी सव्वापाचला आली. पूजा उतरली आणि तिच्या मागून मावशी, टोपलीभर आंबे घेऊन. पोरीची समजूत घालून तिला परत पोचवायला मावशीच निघाली होती, म्हणून घराला कुलूप.  पूजाच्या बापानं तिथेच बसून तोंडावर उपरणं ओढलं.

गर्दी पांगली. सलीमभाईंची माफी कोणी मागितली नाही. एकानंही नाही! आठवड्यात इमरान नांदेडला मामाकडे गेला, तो परत आला नाही. त्याच्या अम्मीच्या घरासमोरून जाताना मी आजही मान वर करत नाही.

मॅडम गेल्या पावसाळ्यात यवतमाळच्या दवाखान्यात वारल्या. आठ दिवस आधी मी भेटायला गेले होते. इतके दिवस अडकलेला प्रश्न मी विचारला. "मॅडम, त्या दुसऱ्या गाडीत पूजा असेल, हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

"मले कसं मालूम राहीन?"

"ती नसती उतरली तर?"

"पुसदची तिसरी गाडी होती ना सहाची. मंग ते पाहा म्हटलं असतं."

"त्यातही नसती तर?"

त्यांनी सलाइन लावलेला हात पोटावर घेतला.

"मी दारातच बसली होती ना वो," त्या म्हणाल्या. "आत जाच्या आधी त्याईले माह्यावरून जा लागलं असतं."