पूजेतला पुलर

वर्कशॉपमधले किस्से लोखंडाच्या किसासारखे असतात. रोज झाडा, संध्याकाळी कोपऱ्यात परत ढीग!

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास वर्सोव्याच्या बंदराजवळ आम्ही होड्यांची मशीनं दुरुस्त करायचो. आमचे बाबी मेस्त्री मालवणचे. आणि निम्मे किस्से तुटलेल्या चावीचे. कुलपाची नव्हे हो! नखाएवढा अर्धगोल पोलादी तुकडा. मशीनचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, शाफ्टवर तोच जागेवर धरतो. होडीचा पाण्यातला पंखा खडकाला आपटला की तो तुटतो, चाक सरकतं आणि मशीनची वाट लागते.

*

एका कोळ्याच्या मशीनचं चाक काढलं, तर चावीच्या जागी बायकोच्या केसांची पिन! दुमडून ठोकलेली!

मेस्त्रींनी कपाळाला हात लावला. "मेल्या, ह्या कोणी सांगल्यान तुका?"

"चाललं ना, मेस्त्री! मढपर्यंत झकास गेलो."

"आणि येताना?"

"पोहत आलो."

*

चाक ओढून काढायचं ते पुलर लावून. शाफ्टवरचा नट तेव्हा सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. आमच्या हेल्पर पोराने, सुऱ्याने, पूर्ण काढला. फाट्! चाक उडालं ते थेट स्टोव्हवरच्या चहाच्या पातेल्यात!

मेस्त्रींनी अंगावरचा चहा पुसला, बोट चाटलं. "साखर घालूक नाय काय रे?"

*

खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं धुऊन पूजेत मांडायचो. मग दसऱ्यापर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. मेस्त्रींचा नियम म्हणजे नियम.

त्या वर्षी नुकतीच आरती झाली आणि कोळीवाड्यातली हिराबाई धावत आली. मागून तिचा दीर, खांद्यावर होडीवरून उतरवलेलं मशीन. तिच्या नवऱ्याची, धर्माची होडी शीड फाटून खडकांकडे चालली होती. वारा वाढलेला. किनाऱ्यावर फक्त दिराची होडी, आणि तिच्याच मशीनची चावी तुटलेली!

मेस्त्रींनी हात मागे घेतले. "आज हत्यारांक हात लावचो नाय, बाय."

हिराबाईने चपला काढल्या. देवाला हात जोडले, आणि फुलांसकट पुलर उचलून मेस्त्रींच्या हातात कोंबला! "पाप माझं. तू फक्त फिरव!"

मेस्त्रींनी फिरवला.

चाक निघालं, पण तुटका तुकडा शाफ्टच्या खाचेत रुतलेला. जोरात ठोकलं तर खाच फुटणार, मशीन कायमचं गेलं. मेस्त्रींनी छिन्नी तुकड्याच्या एका टोकावर टेकवली, हलकेच टिचकी मारली. काही नाही. परत मारली. दुसरं टोक वर आलं आणि तुकडा निघाला! नवी चावी बसवली, दीर मशीन घेऊन पळाला.

संध्याकाळी धर्मा दारात उभा. ओला, थरथरत, पण उभा. मेस्त्रींनी पुढे होऊन त्याला आत घेतलं.

पुढच्या खंडेनवमीला पूजा मांडली. हार, कुंकू, सगळं साग्रसंगीत. आणि पुलर आणि छिन्नी बाहेर, बाकड्यावर तशीच!

"मेस्त्री, पुलर राहिला!"

मेस्त्री नारळ सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "रवांदे. धर्मा अजून दर्यात असा."