चिमणीवानी, दोन्ही पाय जुळवून

फोन आला तवा मी माझ्या पोराला, सोनूला भात भरवत हुते. ह्यांचा आवाज असा काय आला की मला कळंचना. "ताई गेली," एवढंच म्हणलं. मी येड्यावानी इचारलं, "कुठं गेल्या?"... सांगलीच्या शाळंत शिकवणाऱ्या, कालच फोनवर हसलेल्या माझ्या मोठ्या वन्सं. चहाचा कप हातात असताना पडल्या, मिरजंच्या दवाखान्यात नेईपतोर संपलं म्हणं, डोक्यातली नस फुटली. शिराळ्याच्या बाजूला आमचं गाव, सुट्टीला यायच्या, आतल्या खोलीत ऱ्हायच्या. ती खोली अजून मी झाडती, त्या येणार असल्यागत.

माझं माहेर साताऱ्याकडचं, नववी नापास मी. आन नणंद सायन्सची मॅडम! लय भ्या वाटायचं त्यांचं. त्याहून जास्त भ्या लाईटीचं. बटण दाबायचं तरी बोटाला पदर गुंडाळायची. एकदा त्यांनी बघितलं. "अगं रेश्मे, पदर वला असला तर उलट मरशील की!" आन मला खाली बसवलं, माझ्याच केसात फणी घासली न् कागदाच्या कपट्यांजवळ धरली. हात न लावता कपटं टुणकन उडून चिकटलं! "ह्या फणीभवती विद्युत क्षेत्र तयार झालंय," म्हणल्या. मला क्षेत्र म्हंजी सातबाऱ्यावरचं तेवढं ठावं. मी म्हणलं, "आवं वन्सं, पण किती गुंठं?"

डोळ्यातनं पाणी येईपतोर हसल्या. तवापासनं चहा करताना, "रेश्मे, साखर किती गुंठं घालू?" पण नंतर नीट सांगितलं. फणीच्या भवतीच्या जागेतच जोर असतो, जवळ लय, लांब कमी. दिसत न्हाई, कपटा ठेवला की कळतं. मी इचारलं, "आन कपटा ठेवलाच न्हाई तर?" "तरी जोर हाय तिथंच. कपटा नुसता सांगतो. फणी उचलून लांब नेली की मग जातो." आन माझ्याकडं बघत ऱ्हायल्या... "तुला नापास कुणी केलं गं?"

मग खांबावरच्या लाईटीच्या तारेचं सांगितलं. जित्ती, करंट असलेली तार वल्या रानात पडली की जमिनीत पण तसंच, तारेपाशी जोर लय, लांब कमी. ढांग टाकली की एक पाय जास्तीत न् एक कमीत पडतो, करंट एका पायातनं चढतो, दुसऱ्यातनं उतरतो. तारेला हातसुदा लावायला लागत न्हाई. पाय जुळवून उडी मारली की दोन्ही पाय एकाच जोरात, मग करंट चढत न्हाई. सोनूला ते कसं कळायचं? त्येला अंगणात खेळ शिकवला. "कावळा कसा चालतो?" एकेक पाय टाकत. "चिमणी?" दोन्ही पाय जुळवून, टुण टुण. आत्ती न् भाचा दोघं उड्या मारायची. मला वाटलं, लाड चाललेत.

वन्संचं कार्य उरकलं, पावणं गेलं, आन परवा दुपारी वारं सुटलं. उसाला पाणी दिलेलं, सगळी वल. फाटदिशी आवाज झाला. बघते तर खांबावरची तार सरीत, आन सोनू तिथनं जवळच, बांधाखाली उभा! शेजारच्या काकी वरडल्या, "अगं पळ, उचल त्येला!" मी पळालेच हुते... एक ढांग, दोन... आन वन्संचा आवाज आला कानात, ढांगा टाकू नगं. रस्त्याच्या कडंलाच थांबले. आईनं पोराकडं जायचं न्हाई, कसं व्हायचं हो ते! घसा फोडून वरडले, "सोनू, पळू नगं! चिमणी हो! आत्तीची चिमणी!" ते खुदकन हसलं. त्येला खेळ वाटला. पाय जुळवलं न् टुण टुण करत माझ्याकडं निघालं. प्रत्येक उडीला माझा जीव जात हुता. काकी मला शिव्या देत हुत्या, "दगडाची हाय का तू!" ते कोरड्या रस्त्यावर माझ्या अंगावर येऊन आदळलं तवा त्येला कवटाळून तिथंच खाली बसले. मग कुणीतरी वायरमनला फोन लावला.

वन्सं, तुमची फणी कोनाड्यात हाय, तुमचा एक केस तसाच अडकलेला. एक इचारायचं ऱ्हायलं. फणी लांब नेली की जोर जातो, म्हणला हुता तुमी. मग परवा मला कुणी थांबवलं?...

सोनू अजून अंगणभर चिमणी हुतो. उड्या मारत मारत तुमच्या खोलीपतोर जातो, दार ढकलतो, आत बघतो. आन तशाच उड्या मारत परत येतो.