काटेभावजींचा हलका तंबू

माझ्या धाकट्या दिरांना सगळी गल्ली काटेभावजी म्हणते. हे आडनाव नव्हे. वजनकाटे तपासायच्या सरकारी खात्यात त्यांचा जन्म गेला. दुकानात शिरायचं, पेटीतून पितळी वजनं काढायची, काट्यावर ठेवायची, वाकून बघायचं आणि दुकानदाराचा चेहरा उतरेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, हे त्यांचं काम. ते त्यांनी चोख केलं. कुणाच्या दुकानात कधी चहाचा घोटसुद्धा घेतला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यांच्याबद्दल बरं बोलायला मला फारशी संधी मिळणार नाही.

निवृत्त झाल्यावर दुकानं सुटली, काटा सुटला नाही. त्यांच्या ओट्यावर डाव्या हाताला एक डिजिटल काटा कायमचा बसलेला असतो. साबणाची वडी आली की काट्यावर, पाव आला की काट्यावर. एकदा मी वरच्या मजल्यावरून त्यांना भाजीचा डबा पाठवला, तर रिकामा डबा परत देताना म्हणाले, "वहिनी, तुमचं झाकण फार जड आहे." मी म्हटलं, "भावजी, भाजी कशी होती?" तर ते आठवायला लागले.

त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून. डोंगरातली तळी कशी तयार होतात, हे तिने पिढ्यान्‌पिढ्या मुलींना फळ्यावर काढून दाखवलं. स्वतः मात्र शाळेच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपेक्षा उंचावरचं पाणी कधी पाहिलं नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी भावजींनी कबूल केलं होतं की उंच डोंगरातल्या एका तळ्यावर जाऊ, तंबू ठोकू, सकाळी तंबूत बसून तळ्याकडे बघत चहा घेऊ. मग तपासणीचे हंगाम आले, मुलांच्या परीक्षा आल्या, सासूबाईंचं आजारपण आलं. तळं काही कुठे पळून जात नव्हतं, त्यामुळे ते मागे पडत गेलं.

पळून गेले ते गुडघे. यंदा डॉक्टरांनी जाऊबाईंच्या गुडघ्यांचे एक्स-रे दिव्यावर धरले आणि म्हणाले, "दोन्हींचं ऑपरेशन करावं लागेल. डोंगर चढायची काही हौस असेल तर याच मोसमात फेडून घ्या. नंतर जिना चढलात तरी मला आनंद होईल." ती घरी आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, "अहो, तंबू आणा."

भावजींना एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून घरात ग्रॅमशिवाय भाषा उरली नाही. टूथब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापला. टॉवेलच्या जागी हातरुमाल आला. काठ्या घेऊ या, असं जाऊबाई म्हणाली, तर म्हणाले, "काठी म्हणजे हातात धरलेलं ओझं." मी त्यांना विचारलं, "तुमचा चष्मा जड नाही का हो?" त्यांनी काढून वजन केलं. विनोद करावा तर माणूस पाहून करावा, हे मला या वयात कळलं.

तंबू घ्यायला मी बरोबर गेले होते. दुकानातली मुलगी चटपटीत होती. तिने दोन तंबू दाखवले. एक चिमुकला, हाताच्या पंजात मावेल एवढी त्याची गुंडाळी. दुसरा त्याच्या दुप्पट वजनाचा. त्याला दोन टोकांना दोन कमानी आणि मधोमध आढ्यासारखी एक आडवी दांडी. ती दांडी वेगळ्या पिशवीत तुकड्यातुकड्यांत यायची.

"काका, छोटा पाठीला बरा, मोठा राहायला बरा," मुलगी म्हणाली. "तुम्ही चालणार जास्त की बसणार जास्त?"

 भावजींनी पिशवीतून स्वतःचा काटा काढला, छोटा तंबू त्यावर ठेवला आणि वाकून बघितलं. चिठ्ठीवर छापलं होतं त्यापेक्षा थोडं जास्तच भरलं. मग काय विचारता! तारुण्य परत आल्यासारखे तरारले. त्या बिचारीला वजनाच्या प्रामाणिकपणावर भलं थोरलं भाषण ऐकावं लागलं. त्याच चिठ्ठीवर खाली "दोन व्यक्तींसाठी" असंही छापलेलं होतं. ते त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि तंबू घेतला.

मी रस्त्यात विचारलं, "भावजी, वजन पडताळलंत, ते दोन व्यक्तींचं कोण पडताळणार?"

"वहिनी, आमच्या खात्यात लांबीरुंदीचं टेबल वेगळं होतं," ते गंभीरपणे म्हणाले. "ते माझ्याकडे कधीच नव्हतं."

घरी दिवाणखान्यात सोफा भिंतीला सरकवून तंबू उभा केला. उभा म्हणायचा एवढंच. मांजर असतं तर तेही वाकून गेलं असतं. भावजी आत सरपटले आणि कुरिअरने पाठवायच्या पार्सलासारखे पडून राहिले. पाय एका टोकाला टेकलेले, छत नाकाला. आतून आवाज आला, "प्रशस्त आहे! ये."

जाऊबाईने तोंडाशी उभं राहून तंबूकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे.

"अहो, यात रांगत जायचं?"

"सगळे रांगतच जातात."

"सगळ्यांचे गुडघे रांगतात. माझे टेकले की मी ओरडते. आणि आत जाऊन बसायचं कुठे?"

"बसायचं कशाला? तंबू झोपण्यासाठी असतो."

"चहा झोपून पिऊ?"

तेव्हा भावजींनी ते वाक्य टाकलं. तंबूतून फक्त डोकं बाहेर काढून, अगदी हिशेबी स्वरात. म्हणाले, "तू तीन-चार किलो उतरवलेस ना, तर आपल्याला मोठा तंबू परवडेल."

मी पेपर खाली ठेवला. जाऊबाई सोफ्याच्या हातावर टेकली आणि वर्गात मागच्या बाकावर बोलणाऱ्या मुलीशी बोलावं तशी शांतपणे बोलली, "माझं वजन मी वाहते. जन्मभर मीच वाहिलंय. तुम्हाला फक्त तंबू वाहायचाय. हलका तंबू माझ्या गुडघ्यांवर येतो, जड तंबू तुमच्या खांद्यांवर. आता सांगा, या घरात कशाचं ऑपरेशन आहे?"

भावजींचं डोकं आत गेलं.

"आणि ऐका," ती म्हणाली, "मला तिथे बसायचंय. एकदाच. नीट, पाठ ताठ करून. नसेल जमत तर ताईंना घेऊन जाईन."

"मला नको मध्ये ओढूस," मी म्हटलं. "माझ्या वजनावर तर चौकशी समिती बसेल."

संध्याकाळी भावजी तंबू बदलून आले. मोठा दिवाणखान्यात उभा राहिला तेव्हा जाऊबाई थोडी वाकून आत गेली, गुंडाळलेल्या गादीवर बसली, मान सरळ केली. डोक्यावर चांगलं वीतभर छत मोकळं होतं. आतून ती काही बोलली नाही, आणि आमच्या जाऊबाईने काही न बोलणं म्हणजे काय, ते गल्लीतल्या कुणालाही विचारा. भावजी दाराशी उभे राहून काट्यावरचा आकडा मनात घोळवत होते. तोंड असं, जणू ऑपरेशन त्यांचंच आहे.

सामान बांधायचं काम मात्र त्यांनी हट्टाने स्वतःकडे घेतलं.

दोघं निघाले. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी मी कुंड्यांना पाणी घालून भांडं ठेवायला स्वयंपाकघरात गेले, आणि ओट्यावर, काट्याच्या ताटलीत, एक लांबोडकी पिशवी ऐसपैस बसलेली. उघडून बघितली. दांडीचे तुकडे. आढ्याची दांडी! तंबू सगळा नेला आणि आढं घरी ठेवलं. एखाद्याने बायकोला शब्द द्यावा, तो पाळायला निघावं, आणि जाताना त्यातलं क्रियापद तेवढं काढून ठेवावं, तसं.

फोन लावून बघितला. डोंगरात कसला लागतोय. मग मी बसून राहिले आणि यांच्या घराण्याला मनातल्या मनात जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. नवरा वारलेला असला की हे काम सोपं जातं, कुणी मध्ये तोंड घालत नाही.

परत आल्यावर जाऊबाई आधी माझ्याकडे वर आली. जिना कण्हत चढली, पण डोळे असे की मी तिला आत येऊ देण्याआधीच विचारलं, "बसलीस?"

"बसले, ताई," ती म्हणाली. "सगळं सांगते, पाणी द्या आधी."

तळ्याशी पोचल्यावर भावजींनी तंबू ठोकला. दोन्ही टोकांच्या कमानी छान उभ्या राहिल्या आणि मधलं कापड जुन्या खाटेसारखं खाली लोंबलं. ती म्हणाली, "अहो, दांडी?" ते म्हणाले, "दांडी शोभेची असते. दोर ताणले की तेच काम होतं." दोर ताणले. एका बाजूची खुंटी उपटून आली, दुसऱ्या बाजूचे ताणले तर पहिली कमान वाकली. मग म्हणाले, एखादी फांदी बघतो.

"फांदी!" जाऊबाई मला म्हणाली. "ताई, झाडं कुठल्या उंचीवर संपतात, हे मी जन्मभर शिकवलं. या माणसाबरोबर जन्मभर राहिले. आणि तो त्या बोडक्या डोंगरावर फांदी शोधायला गेला. दगड बघून परत आला."

"काठी?"

"काठी म्हणजे हातात धरलेलं ओझं."

"मग रात्री?"

"रात्री छप्पर अंगावर पांघरून झोपलो. झोपलेल्याला उंची कुठे लागते? पण सकाळी उठले, बाहेर बघितलं, तर तळं असं, ताई, असं..." तिने हात पसरले आणि तसेच ठेवले. "वारा मात्र कापत होता. बाहेर बसायची सोय नव्हती. मी म्हटलं, अहो, आत या. मधोमध मांडी घाला. दोन्ही हात वर करा. आता धरा."

"आणि धरलं?"

"न धरून सांगतात कुणाला? मी गादी गुंडाळली, पाठ ताठ केली, तोंडाशी स्टोव्ह ठेवून चहा केला आणि तळ्याकडे बघत प्यायले. घाई केली नाही. ते म्हणाले, हात भरून आले. मी म्हटलं, बघा, आता हातात धरलेलं ओझं म्हणजे काय ते कळतं. मग म्हणाले, मला चहा? मी म्हटलं, तुमचा हात रिकामा आहे का?"

"दिलास की नाही?"

"पाजला. दोन घोट." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "आधी माझा संपवला."

मी त्याच संध्याकाळी खाली गेले. भावजी खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. दंडांना मलम चोपडलेलं, वास दारापर्यंत.

"भावजी," मी विचारलं, "त्या दांडीचं वजन किती हो?"

त्यांनी लगेच सांगितलं. दशांशासकट.

"आणि तिच्याऐवजी जी दोन हातांची दांडी वर नेली, ती किती किलोची होती?"

त्यांनी काट्यासाठी ओट्याकडे बघितलं. सवयीने. काटा जागेवर नव्हता. जाऊबाईने तो कपाटाच्या माथ्यावर, पार मागे, भिंतीला चिकटवून ठेवला होता.

"हात वर जायला लागले की काढून घ्या," ती स्वयंपाकघरातून म्हणाली.