सरिताची डावी भुवई

सरिता रोज पहाटे साडेपाचला भुवया काढते. पार्लरवाल्या काढतात तसं नव्हे. तिला भुवयाच नाहीत, म्हणून पेन्सिलीनं रेखते. तीन वर्षांपूर्वी तिला चाई लागली. डोक्यावर रुपयाएवढे दोन चट्टे पडले आणि भुवया तर दोन-अडीच महिन्यांत साफ गेल्या. डोक्यावरचे केस इंजेक्शनांनी परत आले. भुवयांवर कांदा चोळून झाला, लसूण चोळून झाला, कातडी लाल झाली, केस काही आले नाहीत. शेवटी डॉक्टरांनीही हात टेकले.

हे सगळं मला माहीत, कारण शेंद्र्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये नऊ वर्षं ती माझ्या शेजारी बसते. लाइनवरही आम्ही शेजारीच. गाड्यांचे सुटे भाग सरकत येतात, त्यांच्यावर ओरखडा, टवका काही आहे का ते आम्ही बघतो आणि असला तर तो पीस लाल डब्यात टाकतो. दिवसभर दोष काढायचे, हेच काम. माझी ही सवय माझ्या सुनेला फारशी आवडत नाही, पण तो विषय वेगळा.

मे महिन्याच्या घामात सरितानं लाइनवरचा गॉगल काढला की एखादी भुवई गॉगलबरोबर यायची. एकदा अशीच ती एका भुवईनं सुपरवायझरसमोर उभी राहिली. तो सभ्य माणूस, हसला नाही, पण बोलणं संपेपर्यंत छताकडं बघत होता. त्या दिवशी बसमध्ये सरिता म्हणाली, "ताई, मला माझं तोंड परत पायजे." रडली वगैरे नाही. मला मात्र वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

गारखेड्याला मंजुषा नावाची मुलगी पार्लर चालवते. ती सुईनं भुवयांचे बारीक केस गोंदते. डिसेंबरातला एक शनिवार ठरला आणि मोबाइलवर सूचना आल्या. आठवडाभर उन्हात फिरायचं नाही, चेहऱ्याला काही चोळायचं नाही, डोकं दुखलं तरी विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, आदल्या दिवसापासून चहा बंद. आणि नंतर दहा दिवस भुवयांना पाणी नाही की घाम नाही. सरितानं वर्षभर साठवलेल्या रजेचा अर्ज टाकला. कारण लिहिलं, 'घरगुती काम'. चहाचं कळल्यावर तिचा नवरा रामहरी म्हणाला, "एक दिवस मी बी सोडतो." दुपारी तो कोपऱ्यावरच्या टपरीवर सापडला.

शेवटची सूचना मात्र अवघड निघाली. 'भुवया स्पष्ट दिसतील असा जुना फोटो आणा.'

फोटो होते की, घरात डबाभर होते. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या आणि घामानं पसरलेलं कुंकू. रेशनकार्डावर कपाळभर पदर. आधार कार्डावर भुवया असाव्यात असा नुसता अंदाज. पुतण्याच्या बारशात गावाकडची मोठी माणसं समोर होती, म्हणून पदर पार डोळ्यांवर. कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो घासून गेलेला आणि जुना मोबाइल तर पाण्याच्या टाकीत पडून मेलेला. पोरगी किती मर्यादेनं वागते म्हणून वीस वर्षं ज्या पदराचं कौतुक झालं, त्यानं एकाही फोटोत तिच्या भुवया येऊ दिल्या नाहीत. मला त्या पदराचा रागच आला.

मंजुषाला फोन केला तर ती म्हणाली, "काकू, टेन्शन घेऊ नका, माझ्याकडं तक्ता आहे. बारा डिझाइन आहेत." आणि तिनं तक्ता पाठवला. सरितानं बसमध्ये तो मोठा करून करून बघितला.

"ह्या कुणाच्या भुवया हायत, ताई?"

कुणाच्याच नव्हत्या. सरितानं मोबाइल पर्समध्ये टाकला. मग एकदम म्हणाली, "सोन्याच्या भुवया माझ्यासारख्याच हायत. आमच्या बानाबाईच्या."

बानाबाई म्हणजे तिची आई, ती आता नाही. सोन्या म्हणजे सोनाजी, तीन वर्षांनी धाकटा भाऊ. तिचं माहेर कन्नड तालुक्यातलं, मेंढरं राखणारं. दसरा झाला की सोनाजी बायकोला आणि कळपाला घेऊन पैठणच्या बाजूला उतरतो, तो थेट पावसाच्या तोंडावर परततो. त्यामुळं भाऊबीजेला तो कुणाच्या तरी शेतात असतो आणि सरिता गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते. अकरा वर्षं झाली. मी एकदा म्हटलं होतं की असला कसला भाऊ, तर दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

तिनं त्याला फोटो मागितला. आला त्यात डोळ्यांपर्यंत पटका आणि मांडीवर कोकरू. पटका काढून पाठव म्हटलं, तर अर्धा कान आणि आभाळ आलं.

"तू हिकडंच ये," सरिता म्हणाली.

"मेंढरं कुणावर टाकू, अक्का? बायको एकटी हाय. कोल्हं लई झालंत हिकडं."

त्याचं चूक नव्हतं. सरितानं पुन्हा फोन केला नाही. पण तो आला नाही तर तक्त्यातली कुणाची तरी भुवई जन्मभर कपाळावर वागवायची, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. चहा नसल्यानं तिचं डोकं ठणकत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा ती भुवया न रेखता घराबाहेर पडली होती, रिक्षात सगळा वेळ स्कार्फ गुंडाळून. मंजुषानं खुर्चीत बसवलं, तक्ता हातात दिला. सरितानं चार नंबरवर बोट ठेवलं, मग सातवर, मग तक्ता उलटाच करून ठेवला.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. "बायांचं दुकान दिसतंय. आत येऊ का?"

खांद्यावर घोंगडी, डोक्यावर पटका, पायात धुळीनं पांढरी झालेली पायताणं. फेशियल लावून बसलेल्या दोघींनी डोळे उघडले. मेंढरांचा वास त्याच्या आधी आत आला होता. मेंढरं एका दिवसापुरती शेजारच्या धनगरवाड्यावरच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात घालून, रामहरीला पत्ता विचारून सोनाजी पहाटेच्या एसटीनं आला होता.

मंजुषाला मी मानलं. तिनं तोंड वाकडं न करता त्याला दुसऱ्या खुर्चीत बसवलं आणि पटका काढायला लावला. भुवया दाट, शेवटाला जरा खाली उतरलेल्या. तिनं दोऱ्यानं मापं घेतली, ती सरिताच्या कपाळावर उतरवली, पेन्सिलीनं रेघा भरल्या आणि आरसा दिला.

सरितानं आरसा जवळ धरला, मग लांब धरला. मग म्हणाली, "आई दिसती." तिचे डोळे भरले तशी मंजुषा ओरडली, "काकू, रडू नका, पुसलं जाईल!"

डावी भुवई जवळून तपासताना मंजुषाला मधोमध एक बारीक पांढरी रेघ दिसली, जुन्या जखमेची. "ही भरून टाकते. इथं काही होतं हे कळणार पण नाही."

"व्हय, भरा," सोनाजी घाईनं म्हणाला. "पक्की भरा."

इतक्या घाईनं, की आम्ही सगळ्या त्याच्याकडं बघायला लागलो. त्यानं पटका मांडीवर चुरगळला. "माझ्या गोफणीचा दगड लागला व्हता तिला. सात वर्षांचा व्हतो मी. आईला हिनं सांगितलं, खडकावर पडले म्हणून. आजपातुर कुणाला बोलली नाय."

"भरू ना?" मंजुषानं विचारलं.

"नको," सरिता म्हणाली. "तेवढी जागा मोकळी सोड."

"काकू, चुकल्यासारखं दिसेल."

"दिसू दे." मग ती भावाकडं वळली. "कंदी ओवाळणी दिली न्हाईस. एवढी एक खूण दिली, ती बी भरून घेतोस व्हय रे?"

सोनाजीनं पटका तोंडाला लावला.

मंजुषा हातातली सुई तशीच धरून माझ्याकडं बघायला लागली. मी वयानं मोठी, मी तरी समजावीन अशी तिची आशा असावी. आमच्या लाइनवर असा पीस आला असता तर मी दुसऱ्यांदा न बघता लाल डब्यात टाकला असता.

"सोड मोकळी," मी म्हटलं.